मेयोत कोण आहे?

पुण्याची माणसं नागपुरात आली की त्यांना पत्ता सांगताना आपलीच पंचाईत होते. मागे मामेसासूबाई आल्या होत्या, त्यांना म्हटलं मी जरा कॉटन मार्केटला जाऊन येते, तर त्या लगेच पर्स घेऊन तयार, म्हणे चांगल्या सुती चादरी मिळाल्या तर मलाही दोन घ्यायच्यात. आता काय सांगू बाप्पा, मी तर मेथी अन् कांदे आणायला निघालेली, कारण आमचं कॉटन मार्केट म्हणजे भाजीबाजार, कापूस राहिला फक्त नावात. बरं मेट्रो आली तेव्हा तरी नाव बदलावं ना, तर नाही, स्टेशनचं नाव पण कॉटन मार्केटच.

पण खरं सांगू का, इथे इंग्रजी नावांचा अर्थ कोणी काढतच नाही. व्हरायटी चौकात कसली व्हरायटी आहे असं विचारणारा नागपूरकर मला अजून भेटायचाय. तिथे गांधीजींचा पुतळा आहे, सिग्नल आहे अन् दिवाळीत पाय ठेवायला जागा नसते, बस, विषय संपला.

सगळ्यात जास्त घोळ मेडिकलचा. औषधाचं दुकान म्हणजे मेडिकल, आणि 1947 पासूनचं आपलं सरकारी मेडिकल कॉलेज, त्याचं भलंमोठं हॉस्पिटल, ते पण मेडिकलच. त्यामुळे "बाबा मेडिकलमध्ये गेलेत" आणि "बाबांना मेडिकलला नेलंय" ही दोन वाक्यं फोनवर नीट ऐकू आली नाहीत तर तासाभरात अर्धं खानदान ऑटो करून दारात हजर होतं, अन् बाबा आपले क्रोसिनची पट्टी हातात घेऊन जिना चढून राहिलेले असतात.

आणि मेयो! हे आमचं दुसरं सरकारी हॉस्पिटल. लॉर्ड मेयो हा व्हाइसरॉय, 1872 मध्ये अंदमानात एका कैद्याने त्याला भोसकून मारलं, माणूस गेला, त्याचं राज्य गेलं, हॉस्पिटलला कधीचंच इंदिरा गांधींचं नाव दिलं, पण ऑटोवाल्याला ते पूर्ण सरकारी नाव सांगून बघा, तो शांतपणे ऐकून घेतो अन् शेवटी विचारतो, "म्हणजे मेयो ना?"

तर हल्ली या मेयोत एक नवीनच भानगड झालीय. गोकुळपेठेत सँडविचच्या गाडीवर आम्ही उभे, म्हणजे मी, लेक आणि सासूबाई. लेकीने मोठ्याने ऑर्डर दिली, "भाऊ, एक्स्ट्रा मेयो!" सासूबाईंनी माझा दंडच धरला. "अगं, मेयोत कोण आहे?" सँडविचवाला बिचारा अगदी गंभीरपणे म्हणाला, "काकू, तो मेयो नाही, हा खायचा मेयो हाय," आणि पांढऱ्या चटणीची ती पिचकारीची बाटली उचलून त्यांना दाखवली. त्यांनी ती चष्मा वर करून नीट पाहिली, मग म्हणाल्या, "काय बाई, दवाखाना खाऊन राहिले आता लोक!" आणि स्वतःसाठी साधं बटाट्याचं सँडविच सांगितलं. वर दोनदा बजावलं, मेयो नको म्हणून.

एम्प्रेस मिलचं पण तसंच. जमशेटजी टाटांनी ती सुरू केली 1 जानेवारी 1877 ला, नेमकी त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीची हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून द्वाही फिरली, म्हणून ते नाव. आमच्या गल्लीतले रिटायर्ड कामगार तिला 'इम्प्रेस मिल' म्हणायचे. आता तिथे मॉल आहे, अन् तिथल्या किमती पाहून मी तरी काही इम्प्रेस होत नाही.

बरं, आपण त्यांचे शब्द मोडले म्हणावं तर त्यांनी काय सोडलं होतं? 1817 मध्ये आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेशी सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, इंग्रजांनी ती जिंकली, पण बर्डी काही त्यांच्या तोंडात बसली नाही, सरळ र चा ल करून 'बुल्डी' लिहून मोकळे झाले. आजही बोर्डावर मराठीत सीताबर्डी आणि खाली इंग्रजीत सिताबुल्डी. आम्ही म्हणतो नुसतं बर्डी, सीता पण नाही लावत.

आणि त्यांच्या स्वतःच्या गावांची अवस्था बघा! माझा भाचा लेस्टरला शिकतो, आमचे दाजी स्पेलिंग बघून अजून ठणकावून 'लायसेस्टर' म्हणतात, आणि मला विचाराल तर चूक त्यांची नाहीच, एवढी अक्षरं लिहायची अन् निम्मी बोलायचीच नाहीत हा कुठला न्याय? याच पद्धतीने तिकडे एका गावाचा उच्चार चक्क 'टोस्टर' होतो. ग्लासगोजवळ एक आहे, स्पेलिंगमध्ये मिल्नगावी, बोलतात साधारण 'मलगाय'. हे सासूबाईंना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "दूध किती देते?" आणि नॉरफोकमध्ये ग्रेट स्नोरिंग आणि लिटल स्नोरिंग अशी दोन गावं आहेत, थोरलं घोरणं अन् धाकटं घोरणं म्हणा ना, त्यात धाकटं गाव थोरल्यापेक्षा मोठं आहे! हे ऐकल्यावर मी ह्यांच्याकडे नुसतं पाहिलं, कारण आमच्याकडे थोरलं कोण याचा निकाल रोज रात्री लागतो.

भाचा सुट्टीत आला तेव्हा त्याचा लंडनचा मित्र बरोबर होता. त्याला हौसेने झिरो माईल दाखवायला नेलं, 1907 चा तो दगडी खांब, बाजूचे चार घोडे, देशाचा मध्य कसा इथेच म्हणतात ते सगळं ह्यांनी रंगवून सांगितलं. तेवढ्यात लेकीने विचारलं, "बाबा, आपल्याकडे मैल केव्हाच बंद झाले ना, मग झिरो माईल म्हणजे किती किलोमीटर?"

ह्यांनी मोबाईल काढून कॅल्क्युलेटर उघडला.