सोसायटीतली फुलपाखरू बाग : देशी झाडं लावताना आलेला अनुभव

फुलपाखरू बाग म्हटलं की नर्सरीतून घाणेरी आणि पेंटास येतात. त्यांवर मध प्यायला फुलपाखरं येतात, पण अंडी घालायला पान नसलं की थांबत नाहीत. म्हणून पुण्यात आमच्या सोसायटीत आम्ही आधी अळ्यांच्या खाण्याची यादी केली. कढीपत्ता आणि लिंबू कॉमन मॉरमॉन या फुलपाखरासाठी; आपलं राज्य फुलपाखरू राणी पाकोळीही लिंबूवर्गातल्या झाडांवरच अंडी घालतं. पानफुटी रेड पिएरोला, बहावा आणि टाकळा एमिग्रंटना, रुई प्लेन टायगरला. रुईचा चीक डोळ्यांना घातक, तेव्हा ती मुलांच्या वाटेपासून लांब, कंपाउंडलगत.

दहा बाय वीस फूट जागा पुरते, पण पाच-सहा तास ऊन हवंच. खणलं की बांधकामाचा राडारोडा निघतो. तो दीड फुटापर्यंत काढावा, नाहीतर पाणी तुंबून मुळं कुजतात. खाली मुरूम लागला तर राहू द्यावा, निचरा होतो. वर तीन घमेली मातीला एक घमेलं कुजलेलं शेणखत. जास्त नको! तरवड, धायटी, खुळखुळा ही टेकडीवरची झाडं. फार पोसली की पानं माजतात आणि फुलं रोडावतात. टाकळा-खुळखुळ्याचं बी कठीण कवचाचं, ते पॉलिश पेपरवर हलकं घासून रात्रभर भिजवलं. पेरणी जूनमध्ये, दोन चांगले पाऊस झाल्यावर.

पावसाळ्यात फुलांना तोटा नसतो, अडचण उन्हाळ्याची. अडुळसा आणि धायटी तेव्हा उपयोगी, तरवड बहुतेक वर्षभर, पुढे बहावा. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नयेत, फुलोरी या छोट्या मधमाश्यांची तिथे सतत ये-जा असते. मातीत घर करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांसाठी एक वाफा पालापाचोळा न टाकता उघडा ठेवला.

सगळ्यात जास्त नुकसान फवारणीने होतं. कडुनिंबाचं तेलही अळ्या मारतं, त्यामुळे 'सेंद्रिय आहे' म्हणून मारू नये. कमिटीकडून बागेजवळ फॉगिंग न करण्याचं लेखी घ्यावं. कुरतडलेली पानं रोगट समजून माळी झाड छाटतात. त्यांना अळी आणि कोष प्रत्यक्ष दाखवून ठेवावेत. छाटायचंच तर पानांमागे कोष नाही हे बघून, एका वेळी निम्मंच.