680 भागिले 800

पांढरकवड्यात माझं सेवा केंद्र आहे. दिवसभर सातबारा, पीकविमा, दाखले. विमानाचं तिकीट महिन्यातून एखादं.

डिसेंबरात निवृत्त गुरुजी आले. मुलीचं मुंबईत ऑपरेशन, दुपारी दोनला आत नेणार, त्याआधी तिला भेटायचं होतं. "नागपूर ते मुंबई किती घंटे?" मी स्क्रीनवरचं वाचलं, "एक तास पस्तीस मिनिटं." माझं इथंच चुकलं असं कधी वाटतं, कधी वाटत नाही.

गुरुजींनी डायरी काढली. सरळ रेघेत अंतर सुमारे 680 किलोमीटर, वर गेल्यावर वेग 800 धरला. "51 मिनिटं होतात. मंग बाकीचं काऊन?"

असं गिऱ्हाईक आलं की मला चेव येतो. सांगितलं, विमान जागेवरून मागं ढकलतात तेव्हा घड्याळ सुरू होतं, मुंबईत जागेवर लागलं की थांबतं. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं आलं, चढणं-उतरणं आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते. पाळी येईस्तोवर विमान वर घिरट्या घालतं. शिवाय हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा. जाताना समोरून, येताना पाठीमागून. गुरुजी खूश झाले. "म्हंजे सायकलीसारखंच!"

या गप्पांत अर्धा तास गेला. विमानतळावरचा चेक-इन काउंटर उड्डाणाच्या साठ मिनिटं आधी बंद होतो, हे मात्र मी उठता उठता एका वाक्यात सांगितलं. तिकिटावरही ते बारीक इंग्रजीत, शेवटच्या पानावर. दीड तास तेवढा ठळक.

गाडीवाला म्हणाला, "दीडशे किलोमीटर, अडीच घंटे." आमच्याकडच्या गाडीवाल्यांना दुसरा आकडाच माहीत नाही. विमान सव्वानऊचं, निघाले पावणेसहाला. हिंगणघाटजवळ कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. सोनेगावला, नागपूरच्या विमानतळावर, काउंटरवर पोचले तेव्हा 8 वाजून 21 मिनिटं. काउंटर सव्वाआठला बंद झालेला.

गुरुजींचा फोन आला. ओरडले नाहीत. "बापू, विमान सुटायला 54 मिनिटं हायेत. आपल्या हिशेबानं एवढ्यात तर मुंबई येते."

मला काही बोलता आलं नाही. मग संध्याकाळच्या विमानाचं तिकीट काढून दिलं, दुपटीहून जास्त पैशात. आधीच्या तिकिटाचे फक्त विमानतळाचे कर परत मिळतात. तो अर्ज मी भरला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

पंधरा दिवसांनी ते परत आले. पोरगी बरी आहे म्हणाले. मग डायरी उघडून येतानाचा वेळ दाखवला: 1 तास 22 मिनिटं. "वारा पाठीमागून होता," म्हणाले. त्याच पानावर, 51 च्या भागाकाराखाली, दुसऱ्या शाईत एक ओळ होती: घरचं दार ते पोरीची खाट, 16 घंटे 10 मिनिटं.