जंगलातलं घर, सध्या कागदावर

आज दिवसभर जंगलातल्या घराचा नकाशा घेऊन बसलो होतो. खोल्या वाढवण्यापेक्षा खोडण्यातच जास्त वेळ गेला. दिवाणखाना उडाला, स्वयंपाक, जेवण, गप्पा सगळं एकाच मोठ्या खोलीत. मुलांना खोलीऐवजी पोटमाळा. सगळ्यात आधी तीच खूश!

छपरावर मात्र तडजोड नाही. झाडांच्या सावलीत भिंती लवकर वाळत नाहीत, म्हणून उतार चांगला तीव्र आणि वळचण ऐसपैस. पन्हाळीत पाला साचणारच, तो साध्या शिडीवरून काढता यावा. जोतंही उंच, नाहीतर ओल आणि वाळवी कायमच्या मुक्कामाला.

मोठी खिडकी कुठल्या बाजूला, यावरून बायकोशी अजून वाद चालू आहे. तिला दाट झाडी दिसायला हवी, मला सकाळचं ऊन.