बारावीच्या वर्षी अभ्यासात मन का लागत नव्हते

दहावीपर्यंत मी कराडजवळच्या एका गावातील मराठी शाळेत शिकलो आणि अकरावीला विज्ञान शाखा घेतल्याबरोबर सगळी पुस्तके इंग्रजीत आली. अकरावी कशीबशी पार पडली. बारावीच्या पहिल्या घटक चाचणीत मात्र भौतिकशास्त्रात २५ पैकी ६ गुण मिळाले. त्यानंतर दोन महिने ‘मन लागत नाही’ हे एकच उत्तर मी घरी देत राहिलो. यशस्वी विद्यार्थ्यांची भाषणे मोबाइलवर ऐकली, भिंतीवर ध्येय लिहून चिकटवले आणि तीन रंगांच्या पेनांनी वेळापत्रक आखले. खरे सांगायचे तर ते आखण्यातच अधिक वेळ गेला.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून माझे नववीचे विज्ञानाचे पुस्तक खाली आले. पहिलाच पाठ ‘गतीचे नियम’ आणि त्यात संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत. बारावीच्या पहिल्या प्रकरणात ज्या अँग्युलर मोमेंटमपाशी मी जुलैपासून अडून बसलो होतो, तो मोमेंटम म्हणजे हाच आपला संवेग, हे तोवर माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी पेन्सिलीने इंग्रजी पुस्तकाच्या समासात ‘संवेग’, ‘जडत्व’, ‘त्वरण’ असे शब्द लिहीत गेलो आणि त्या संध्याकाळी अँग्युलर मोमेंटमची सिद्धता पुस्तक मिटून कागदावर उतरली. मन लागत नव्हते ते आळसामुळे कमी आणि न कळल्यामुळे अधिक, असे मला तेव्हा वाटले. आजही माझे मत तेच आहे.

पुढे मी सोळा प्रकरणांचा एकदम विचार करणे सोडून दिले. रोज एकच सिद्धता आणि तिच्यावरची दोन उदाहरणे एवढेच ठरवले. लेखी परीक्षेच्या ७० गुणांपैकी २४ गुण प्रत्येकी तीन गुणांच्या प्रश्नांना असतात आणि बारांपैकी आठच सोडवायचे असतात, हे कळल्यावर तो डोंगर बराच ठेंगणा झाला. सकाळच्या एसटीत माझा मित्र व्याख्या इंग्रजीत विचारी आणि मी आधी मराठीत, मग इंग्रजीत उत्तर देई. कंडक्टरकाकाही कधीकधी ‘आज किती चुकले?’ म्हणून चौकशी करीत.

हे सगळे सुरळीत चालले असे नाही. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने नऊ दिवस वही उघडली नाही आणि दहाव्या दिवशी बसणे पहिल्या दिवसाइतकेच जड गेले. त्या दिवशी नवीन काही न घेता जुनीच संवेगाची सिद्धता पुन्हा लिहिली, तेव्हा कुठे हात चालू लागला.

बोर्डाच्या लेखी परीक्षेत ७० पैकी ४९ गुण मिळाले. सीईटीत मात्र अपेक्षेपेक्षा कमीच पडले, कारण तिथे साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात आणि अकरावीच्या पुस्तकाचे समास मी फेब्रुवारीपर्यंत कोरेच ठेवले होते.