आईच्या कीपॅड फोनला रोजचा डेटा कशाला?

आपल्याकडे घरात चार माणसं असली तर सिम पाच-सहा असतात, आणि त्या सगळ्यांचं रिचार्ज मारायचं काम घरातल्या एकाच माणसावर येतं. आमच्याकडे ते माझ्याकडे आहे. जुलै 2024 ला तिन्ही मोठ्या कंपन्यांनी एकदमच दर वाढवले ना, तेव्हापासून मी प्रत्येक नंबरचा हिशोब वेगळा लिहायला लागलो, आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जात होते ते आईच्या नंबरवर. म्हणजे जिचा वापर सगळ्यात कमी तिच्याच नंबरवर.

आई असते गावाला, कराडजवळ. तिच्याकडे साधा कीपॅडचा फोन. ती दुकानात जाऊन सांगायची महिन्याचं मार बाबा, आणि तो 299 चं मारायचा, रोजचा डेटा असलेलं. तिच्या फोनमध्ये ना व्हॉट्सअ‍ॅप ना यूट्यूब, डेटा रोज रात्री बारा वाजता आपोआप संपायचा आणि दुसऱ्या दिवशी नवीन यायचा, कोणी हातही लावायचं नाही. आता हा महिना म्हणजे 28 दिवसांचा, म्हणजे वर्षाला 12 नाही 13 रिचार्ज, 299 गुणिले 13 झाले 3,887 रुपये. कशाचे? तर मामाला, मावशीला आणि मला फोन करायचे!

ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांना नियम घालून देणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर 2024 मध्ये नियम बदलला हे अजून खूप जणांना माहीत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. कंपन्यांना आता फक्त कॉल आणि एसएमएसचं, डेटा नसलेलं रिचार्ज ठेवावंच लागतं, आणि अशा रिचार्जची मुदत 365 दिवसांपर्यंत देता येते. जानेवारी 2025 मध्ये ते प्लॅन आले, पहिल्या आठवड्यात किंमती थोड्या वरखाली झाल्या आणि मग एअरटेलचा 469 ला 84 दिवस आणि 1,849 ला 365 दिवस, जिओचा 448 ला 84 दिवस आणि 1,748 ला 336 दिवस असं ठरलं. दर बदलत असतात, त्यामुळे पैसे भरायच्या आधी एकदा बघाच. पण फरक लक्षात घ्या, 299 वाल्यात दिवसाला साडेदहा रुपयांच्या वर जातात आणि एअरटेलच्या 365 दिवसांच्या प्लॅनमध्ये पाच रुपये आणि वर काही पैसे. आईच्या एका नंबरचे वर्षाला 2,038 रुपये वाचले, आणि तिचं बोलणं एक मिनिटानेही कमी झालं नाही.

दुकानदार हे प्लॅन स्वतःहून सांगत नाहीत, अ‍ॅपमध्येही खाली कुठेतरी असतात, त्यामुळे आपणच आकडा सांगून मागायचा. आणि प्लॅन बघताना वरची मोठी किंमत बघूच नका, किंमत भागिले दिवस एवढंच करा. 28, 56, 84, 336 हे सगळे आकडे आपला हिशोब चुकावा असेच आहेत. 2022 मध्ये ट्रायने 30 दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा असे एकेक प्लॅन ठेवायला लावले तेही खूप जणांनी कधी शोधलेले नाहीत.

आता स्वस्त दिसलं म्हणून लगेच कंपनी बदलायला जाऊ नका, आधी फोन बघा. आईचा फोन टूजी वर चालतो, आणि जिओला टूजी नाहीच, ते सिम घालायचं तर फोरजीचा फोन लागतो. मग नवीन फोन घेतला तर वाचवलेले पैसे गेलेच, शिवाय तिला त्या बटणांची सवय झालीय, या वयात ती का मोडायची? बीएसएनएल स्वस्त आहे आणि माझं त्याच्यावर मनापासून प्रेम आहे, सप्टेंबर 2025 ला त्यांचं देशात बनवलेलं फोरजी देशभर सुरू झालं याचा मला खरंच आनंद झाला, पण आमच्या वाडीत रेंज कुणाची येते हे मी नकाशावर बघत नाही, शेजारच्या तीन घरांत जाऊन विचारतो आणि घराच्या आत, स्वयंपाकघरात उभं राहून बघतो. आई तिथेच असते दिवसभर.

आणि काहीही झालं तरी नंबर सोडू नका. नवीन सिमवर ऑफर मिळते म्हणून जुना नंबर टाकून देणारे खूप आहेत आमच्या गावात, आणि त्याचा त्रास किती होतो ते लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या वेळी दिसलं. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येणार, आणि तो नंबर बंद होऊन दोन वर्षं झालेली. मग आधार केंद्रावर रांग, नंबर बदलायची फी, एक दिवसाची मजुरी बुडाली. आणि बंद केलेला नंबर कायमचा बंद राहत नाही, 90 दिवसांनंतर तो दुसऱ्याला देता येतो. म्हणजे तुमच्या बँकेचे, गॅसचे मेसेज कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर. पन्नास-शंभर रुपयांच्या ऑफरसाठी हे अजिबात करू नका, कळकळीने सांगतोय.

कंपनी बदलायचीच असेल तर पोर्ट करा, नंबर तोच राहतो. त्यासाठी मेसेज टाकायचा, त्यात PORT ऐवजी मराठीत लिहिलं तर चालणार नाही, म्हणून अक्षरं सांगतो, पी ओ आर टी, मग स्पेस, मग आपला दहा आकडी नंबर, आणि तो मेसेज 1900 ला पाठवायचा. तुमच्या रिचार्जमध्ये एसएमएस नसले तरी हा मेसेज जाऊ द्यायचा असं ट्रायने 2021 मध्येच कंपन्यांना सांगितलंय. मग नंबर न्यायचा आठ अक्षरांचा यूपीसी कोड येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो, तेवढ्यात आधार घेऊन नवीन कंपनीच्या दुकानात जायचं. आपल्याच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या त्याच विभागात, असेल तर तीन कामाचे दिवस, सर्कल बदलत असेल तर पाच. आत्ताच्या कंपनीत 90 दिवस झालेले हवेत, पोस्टपेड असेल तर बिल भरलेलं हवं, आणि जुलै 2024 पासून सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही, फसवणूक होऊ नये म्हणून.

जुन्या सिममधला बॅलन्स आणि उरलेले दिवस मात्र सोबत येत नाहीत, म्हणून रिचार्ज संपायला तीन-चार दिवस राहिले की मेसेज टाकायचा. आणि नंबर इकडून तिकडे जाताना काही तास फोन बंद असतो, ओटीपी येत नाही, तर हप्ता भरायचा किंवा फॉर्मची शेवटची तारीख असेल त्या दिवशी हे नको. मेसेज टाकला की जुन्या कंपनीकडून फोन येऊ शकतो, राहा आमच्याकडेच, अमुक देतो. ऐकून घ्या, पण ती ऑफर अ‍ॅपमध्ये दिसली तरच खरी धरा.

अजून एक, सिम कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. आमच्या काकूचा नंबर काका गेल्यानंतरही काकांच्याच नावावर होता, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. अशा वेळी आधी आहे त्या कंपनीत जाऊन नाव बदलून घ्यायचं आणि मगच पोर्ट. आपल्या नावावर किती नंबर आहेत ते सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर फुकट दिसतं, नऊपर्यंत चालतात, आणि आपला नसलेला नंबर दिसला तर तिथूनच कळवता येतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं हे तुम्हीच बसून करून द्या.

माझ्या स्वतःच्या फोनमध्ये दोन सिम आहेत. बँक आणि आधारचा जुना नंबर डेटा नसलेल्या वर्षाच्या रिचार्जवर, आणि इंटरनेट दुसऱ्या सिमवर. यूपीआय सुरू करताना बँकेच्या नंबरवरून मेसेज जावा लागतो, नंतर ते सिम फोनमध्ये असलं की इंटरनेट कुठल्याही सिमचं किंवा वायफायचं चालतं. जो जास्त वापरतो त्या दुसऱ्या सिमला मी मनात येईल तेव्हा पोर्ट करतो, जुन्या नंबरला हात लावत नाही.

बायकोचा नंबर मुंबई सर्कलचा आहे, लग्नाआधीचा, ठाण्यातला. 2015 च्या जुलैपासून तोच नंबर देशात कुठल्याही सर्कलमध्ये नेता येतो, पण आता रोमिंगचे वेगळे पैसे पडत नाहीत म्हणून तो तिकडचाच राहू दिलाय. तिला ऑफिससाठी रोज दोन जीबी लागतात, तिथे मी कंजूषी करत नाही. पुढच्या महिन्यात सासऱ्यांचा नंबर घेणार आहे करायला, त्यांचं रोजच्या डेटाचं रिचार्ज चालू आहे आणि ते फक्त संध्याकाळी सातला आम्हाला फोन करतात.