दार बंद करा, काका

"डॉक्टर, पुन्हा तेच," म्हणत काकांनी बास्केट टेबलावर ठेवली. आत अंथरलेल्या पांढऱ्या कापडावर गुलाबी ठिपके होते, नाण्याएवढे, पाच-सहा. भुऱ्या मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. चार वर्षांचा, नसबंदी झालेला बोका, वजन साडेपाच किलो. पाच महिन्यांत तिसऱ्यांदा तो याच तक्रारीसाठी माझ्यापुढे आला होता. सारखं लिटर बॉक्समध्ये, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी दाणेदार माती भरून ठेवतात त्या खोक्यात जाऊन कुंथायचं, दोन थेंब लघवी, त्यात रक्त, आणि मग बॉक्स सोडून भलतीकडेच, कधी बेसिनमध्ये तर कधी काकांच्या पांघरुणावर.

बोका कुंथतोय म्हटलं की माझा हात आधी त्याच्या पोटाकडे जातो. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी फार अरुंद असते. तिथे चिकट स्राव आणि बारीक खड्यांचं बूच बसलं की लघवी पार अडते. मूत्राशय टम्म फुगतं, बोटांना घट्ट चेंडू लागतो. रक्तातलं पोटॅशियम चढत जातं, हृदयाची लय बिघडते आणि दोन-तीन दिवसांत जनावर हातचं जातं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगून ठेवते की बोका वारंवार बसतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं, तर सकाळ व्हायची वाट बघू नका, मध्यरात्र असली तरी निघा. भुऱ्याचं मूत्राशय मात्र जेमतेम लिंबाएवढं होतं, भिंत जाड झालेली. मी हळूच दाबलं तर कळवळला. अडलेलं नव्हतं. पण दुखत खूप होतं.

आधीच्या दोन खेपांना सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. लघवीत रक्त होतं पण जंतू नव्हते, जंतू वाढवून बघायची चाचणी, म्हणजे कल्चर, तेही कोरं आलं होतं, सोनोग्राफीत खडा दिसला नव्हता. तरुण मांजरांच्या लघवीच्या तक्रारींत निम्म्याहून अधिक वेळा असंच निघतं. त्याला इडिओपॅथिक सिस्टायटिस म्हणतात, म्हणजे मूत्राशयाला सूज आहे आणि कारण हाती लागत नाही. मी वेदनाशामक दिलं होतं, ओलं खाणं वाढवायला सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा तो आठवड्याभरात बरा झाला होता. काकांना वाटलं औषधाने गुण आला. खरं म्हणजे हा त्रास बहुतेक मांजरांत पाच-सात दिवसांत आपला आपणच ओसरतो, औषधाने तेवढे दिवस दुखणं सुसह्य होतं इतकंच. हे मला ठाऊक होतं. तरी तो परत का येतो, हा प्रश्न मी दोनदा तसाच जाऊ दिला होता. त्याची रुखरुख मला आजही आहे.

या वेळी विचारलं. "काका, गेल्या पाच-सहा महिन्यांत घरात काय बदललं?"

"काही नाही हो. आम्ही दोघंच तर असतो." मग जरा थांबून म्हणाले, "उलट त्याच्यासाठी चांगलंच केलंय मी. हल्ली मागचं दार उघडं ठेवतो."

मुलगी राहायला आली होती. भुऱ्याला खिडकीत बसलेलं बघून ती म्हणाली होती, बाबा, तुम्ही याला जन्मठेप दिलीय. ते वाक्य काकांच्या मनात रुतून बसलं. आपल्या एकटेपणापायी आपण मुक्या जिवाला कोंडून ठेवलं, असं त्यांना वाटायला लागलं. तेव्हापासून ते सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास मागचं दार सताड उघडं ठेवत होते. "त्याला जायचं तर जाऊ दे म्हटलं. पण जात नाही. लांब बसून बघत राहतो. मला वाटलं, येईल हळूहळू धीर."

मी भुऱ्याला वेदनाशामक दिलं आणि काकांना म्हटलं, संध्याकाळी घरी येते. दार नेहमीच्या वेळी उघडा, माझ्यासाठी वेगळं काही करू नका.

मांजराच्या घरी गेले की मी आधी फरशीवर बसते. उभ्याने दिसणारं घर आणि वीतभर उंचीवरून दिसणारं घर ही दोन वेगळी घरं असतात. स्वयंपाकघराच्या टोकाला एक अरुंद बोळ, बोळाच्या शेवटी मागचं दार. त्याच बोळात वॉशिंग मशीन, मशीनला लागून लिटर बॉक्स आणि हातभर अंतरावर खाण्याचं नि पाण्याचं भांडं. काकांच्या दृष्टीने सोयीचं होतं, झाडायला एकच कोपरा आणि वास दाराबाहेर जायचा. भुऱ्याच्या बाजूने पाहिलं तर खायला, प्यायला, लघवीला, प्रत्येक वेळी त्याला त्या उघड्या दारासमोर जावं लागत होतं. बॉक्सही लहान, झाकणाचा. मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी बॉक्स असावा, म्हणजे त्याला आत वळता येतं, उकरता येतं. हा इतका आखूड होता की भुऱ्याचं तोंड आत गेलं की शेपूट बाहेर. पाठ दाराकडे, आणि समोरून पळायला वाट नाही.

दार उघडं होतं. भुऱ्या बेडरूमच्या उंबऱ्यावर होता, पोट जमिनीला टेकलेलं, शेपूट अंगाभोवती घट्ट. कान मात्र एकसारखे फिरत होते. मी स्वयंपाकघरातला दिवा बंद करून भिंतीला टेकले. दहा मिनिटं गेली असतील. कुंपणाच्या भिंतीवर एक बोका येऊन बसला. नसबंदी न झालेल्या बोक्याचे गाल रुंद होतात, मान जाड होते, तसा. तो खाली उतरला, दाराच्या चौकटीला गाल घासले, वळला, शेपूट ताठ केली. शेपटीचं टोक थरथरलं आणि चौकटीवर पिचकारी उडाली. मग निवांत निघून गेला.

"हा रोज येतो," काका कुजबुजले, आणि आवाजात कौतुक होतं. "मित्र आहे त्याचा."

मी मागे वळून पाहिलं. उंबरा रिकामा होता. भुऱ्या कपाटावर, बॅगांच्या मागे गेला होता.

माझ्या पिशवीत अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च असतो. वाळलेली लघवी त्यात पिवळट-हिरवी चमकते. चौकटीच्या बाहेर ओघळच ओघळ होते, ते अपेक्षितच होतं. मी टॉर्च आत वळवला. चपलांच्या रॅकवर दोन ओघळ. वॉशिंग मशीनच्या बाजूला एक. आणि लिटर बॉक्सच्या झाकणावर, अगदी तोंडाशी, एक. काका वाकून बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत.

भुऱ्याला बाहेर जाता यावं म्हणून ते दार उघडं होतं. भुऱ्या एकदाही गेला नव्हता. बाहेरचा मात्र आत येऊन त्याच्या संडासावर सही करून गेला होता. आपल्याला त्याचा वासही आला नव्हता. भुऱ्या रोज त्या वासात डोकं घालून लघवीला बसायचा, आणि शक्य होईल तोवर बसणं टाळायचा.

"दार बंद करा, काका."

"पण मग त्याला कोंडल्यासारखं..."

त्यांची ती काळजी खोटी नव्हती, म्हणून मी तिथेच फरशीवर बसून बोलले. भुऱ्या त्यांना डोळे नुकते उघडलेल्या अवस्थेत सापडला होता. मांजराच्या पिल्लाचा दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ मोठा नाजूक असतो. त्या काळात जे माणूस, जो आवाज, जी जागा ओळखीची होते ती आयुष्यभर आपली वाटते. भुऱ्याचं त्या आठवड्यांतलं जग म्हणजे काकांच्या तीन खोल्या. शिवाय मांजर शिकारी असलं तरी आपल्यापेक्षा मोठ्या जनावरांची शिकारही आहे. अनोळखी मोकळी जागा त्याला वाव वाटेलच असं नाही, लपायला काही नसलेलं मैदान वाटू शकतं. दारापासून लांब बसून बघत राहणं म्हणजे धीर गोळा करणं नव्हतं. तो पहारा होता, दिवसातून चार तास, पाच महिने.

सगळी मांजरं अशी असतात असं मी म्हणत नाही. काही दाराशी बसून जीव तोडून ओरडतात, त्यांच्यासाठी जाळी लावलेली गच्ची किंवा हार्नेस, म्हणजे अंगाभोवती बांधायचा पट्टा, हा चांगला मार्ग आहे. पण मांजर स्वतः काय सांगतंय ते आधी बघायला हवं. ते सांगत असतंच. आपण आपल्या मनातलं त्याच्या तोंडी घालतो.

आणि घरात राहायला आवडणाऱ्या मांजराला नुसतं घर पुरत नाही, हेही तितकंच खरं. पूर्णवेळ घरातलं मांजर ही तशी नवी गोष्ट आहे. अमेरिकेत 1947 साली एडवर्ड लोव यांनी मातीचं दाणेदार लिटर विकायला काढलं, त्याआधी लोक वाळू नाहीतर राख वापरायचे आणि बरीचशी मांजरं बाहेरच जायची. म्हणजे चार भिंतींत मांजराचा अख्खा दिवस कसा जावा याचा विचार आपण जेमतेम दोन-तीन पिढ्या करतोय. ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 32 मांजरं 77 आठवडे पाहिली. काही भुऱ्यासारखी आजारी, काही निरोगी. सांभाळणाऱ्याची वेळ बदलली, माणूस बदलला, की निरोगी मांजरंही खाणं कमी करत होती, बॉक्सबाहेर घाण करत होती. मला या अभ्यासाने फार शिकवलं. बॉक्सबाहेर झालेली लघवी बघून "मुद्दाम करतो" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी तो सांगते.

त्या संध्याकाळीच आम्ही कामाला लागलो. झाकणाचा बॉक्स बाद केला. त्याऐवजी दोन मोठे, उघडे, एक बेडरूमच्या कोपऱ्यात आणि एक बैठकीच्या खोलीत सोफ्याआड. मांजरं जितकी, त्याहून एक बॉक्स जास्त, हा साधा हिशेब आहे. खाण्याचं भांडं आणि पाण्याचं भांडं एकमेकांपासून आणि बॉक्सपासून लांब. बोळ एन्झाइमच्या द्रावणाने धुवायचा ठरला. फिनेल आणू नका, असं मी दोनदा बजावलं, कारण मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट निकामी करता येत नाहीत, पंजाला लागून चाटण्यातून पोटात गेली तरी विषबाधा होते. दाराच्या काचेच्या खालच्या भागाला धुरकट फिल्म लावायची, म्हणजे भिंतीवरचा बोका दिसणार नाही.

काकांनी सगळ्यात मन लावून केलं ते खिडकीचं काम. समोरच्या बाजूच्या वरच्या खिडकीला जाळी बसवून आत रुंद फळी ठोकली, फळीवर चढायला मध्ये एक स्टूल. खालच्या बाजूला एक पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवलं. खोक्याला हसू नये. नेदरलँड्समध्ये 2014 साली निवाऱ्यात नव्याने आलेल्या 19 मांजरांपैकी काहींना लपायला खोकी दिली, तर ती इतरांपेक्षा कितीतरी लवकर सावरली होती. खाणं दिवसातून दोनदा भांडंभर देण्याऐवजी काका ते थोडं थोडं करून घरभर लपवायला लागले. मांजर मुळात दिवसभरात दहा-वीस छोट्या शिकारींवर जगणारं जनावर, शोधून खाण्यात त्याचा वेळही जातो आणि जीवही रमतो. रोज ठरावीक वेळी काठीला बांधलेलं पीस घेऊन दहा मिनिटं खेळ. शेवटी पीस त्याच्या पंजात सापडू द्यायचं आणि लगेच खायला द्यायचं, हे मात्र मी त्यांना करून दाखवलं. नुसतं पळवून काठी उचलून ठेवली तर मांजर तहानेलं राहिल्यासारखं होतं.

आणि एक वही. ओलं झालं की गोळा होणारं लिटर असेल तर लघवीचे गोळे मोजता येतात. दिवसाला दोन-तीन मोठे गोळे म्हणजे ठीक, सात-आठ चिमुकले गोळे म्हणजे त्रास सुरू. काका निवृत्त हिशेबनीस. त्यांनी रकाने आखले.

पहिल्या आठवड्यात गोळे सात, सहा, सात, पाच. रक्त थांबलं. तिसऱ्या आठवड्यात तीन. भिंतीवरच्या बोक्यालाही आम्ही पिंजरा लावून पकडलं, त्याची नसबंदी केली, लस दिली आणि सोडून दिलं. तो अजून येतो, पण चौकटीवर पिचकारी मारत नाही. अधूनमधून काळजीचा फोन आला. रंगकाम निघालं तेव्हा दोन दिवस गोळे पाचवर गेले, तेव्हा काकांनी स्वतःच बेडरूमचं काम शेवटी ठेवायला लावलं आणि भुऱ्याला तिथे त्याच्या खोक्यासकट राहू दिलं. औषध लागलं नाही.

दहा महिन्यांनी लसीसाठी आले तेव्हा काकांनी वही सोबत आणली होती. मुलगी परत येऊन गेली होती म्हणे, आणि भुऱ्या चार दिवस तिच्या पायाशी झोपला होता. तिने दाराबद्दल विचारलं तर काकांनी तिला वहीच वाचायला दिली. मी शेवटचं पान उघडलं. निळ्या शाईत, सुबक अक्षरात नोंद होती: "गोळे दोन, मोठे. पीस तीनदा पकडलं. दार बंद. खिडकीत पाऊण तास, खाली पक्षी होते."