आमची वाटचाल : झाकण उघडून सेल बदलता आलाच पाहिजे

जुन्या हँडहेल्ड कन्सोलमध्ये, म्हणजे हातात धरून खेळायच्या गेम यंत्रात, कुणीतरी चिकटवून ठेवलेली लिथियमची पाऊच (मऊ, चपटी) बॅटरी काढायची आणि तिथे पुन्हा साधे, बदलता येणारे सेल बसतील असं करायचं, हे आमच्या फर्मचं काम. १९८९चा गेम बॉय मुळात चार पेन्सिल सेलवर चालायचा, १९९०चा गेम गिअर सहावर. बनवणाऱ्यांनी मागे झाकण दिलं होतं ते विचार करूनच.

सुरुवातीला आम्ही दोघे भागीदार. गळलेल्या अल्कलाइन सेलनी खाल्लेल्या, सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या आणि स्प्रिंगा बदलायच्या, एवढाच धंदा. ती पांढरी बुरशी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमुळे धरते, म्हणून आधी व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. हिरवी पडलेली स्प्रिंग घासत बसू नका, मुलामा निघून जातो आणि ती पुन्हा गंजते. सरळ नवी लावा. पट्टी वाकवण्यात माझ्या भागीदाराचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने चिमट्याने बाक दिलेली एक पट्टी आजही आमचा नमुना आहे, नवीन मुलगा आला की आधी ती त्याच्या हातात देतो.

आमच्याकडूनच पट्ट्या नेणाऱ्या एका माणसाने मग स्वतःचं लिथियम किट काढलं. नाव घेत नाही. सेलचा कप्पा कापून काढायचा, पाऊच डबल साइडेड टेपने चिकटवायचं, ३.७ व्होल्टचे ५ करायला बूस्ट सर्किट. हेडफोन लावला की त्याची शिट्टी ऐकू यायची! चार्जिंगला टीपी ४०५६ हे तयार मॉड्यूल आहे तसंच, म्हणजे १ अँपिअरवर, आणि पाऊच ६०० मिलीअँपिअर-तासांचं, त्याला एवढा करंट जास्त. करंट ठरवणाऱ्या १.२ किलोओहमच्या रेझिस्टरच्या जागी २ किलोओहमचा लावला असता तर करंट ५८० मिलीअँपिअरवर आला असता. एका रेझिस्टरचं काम, तेही केलं नाही. पाऊच फुगलं तर त्याला जागा कुठे? आतून थेट स्क्रीनच्या बोर्डावर दाब.

गिऱ्हाईक मात्र तिकडे वळलं. ‘तुम्ही अजून सेलच घालता?’ हे मी तोंडावर ऐकलंय. भागीदारही म्हणाला, आपणही पाऊच सुरू करू. मी नाही म्हटलं आणि तो वेगळा झाला. त्याबद्दल मनात राग नाही, त्याला घर चालवायचं होतं.

खरा घाव पुढे बसला. त्या किटची कन्सोलं फुगायला लागली, मागचं कवच उचकटायला लागलं, आणि आत सापडल्या आमच्या पट्ट्या. बोट आमच्याकडे. माल घेणाऱ्यांनी ऑर्डरी थांबवल्या, स्पॉट वेल्डर (सेलला धातूची पट्टी जोडायचं यंत्र) विकायची वेळ आली. त्या माणसाने एका शब्दाने खुलासा केला नाही. ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

आमचे एक जुने गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षक, त्या दिवसांत सगळा संग्रह घेऊन आले आणि पैसे आगाऊ ठेवून म्हणाले, ‘सावकाश करा, पण तुम्हीच करा.’ वेल्डर राहिला तो सरांमुळे. त्यांच्या गेम गिअरचे फुटलेले कपॅसिटरही तेव्हाच बदलून दिले.

पुढची वर्षं बरी गेली.

आता थोडं वापरणाऱ्यांसाठी. कमी सेल्फ-डिस्चार्जचे, म्हणजे नुसते पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे, निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घ्या. १.२ व्होल्ट ऐकून बिचकू नका, चार मिळून ४.८ होतात आणि गेम बॉय त्यावर नीट चालतो. फक्त या सेलचा व्होल्टेज शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम कोसळतो, म्हणून लाल दिवा मंदावेपर्यंत थांबू नका, गेम आधीच सेव्ह करा. चारही सेल एकाच संचाचे ठेवा, पेनने खूण करा. जुना-नवा मिसळला की अशक्त सेल उलटा चार्ज होतो आणि मरतो. चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासणारा हवा. आणि १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल असतो, पण एकटाच ३.७ व्होल्टचा. तो या कप्प्यात कधीही घालू नका.

कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेमच्या डबीत, सेव्ह टिकवणाऱ्या बटण सेललाही अशीच काळजी हवी. थेट सेलवर सोल्डरिंग आयर्न टेकवणाऱ्याला कार्ट्रिज देऊ नका. टॅब (धातूची छोटी पट्टी) वेल्ड केलेला सेल मागा. आम्ही तोच लावतो, त्याच वेल्डरवर.